शब्द पाठ आहेत, पण चित्र समोर आले की लेखणी थांबते: प्रागैतिहासिक कलेच्या परिभाषेविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कला-इतिहासाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील प्रागैतिहासिक कला आणि वास्तुकला या विभागासाठी आपण सुमारे साठ पारिभाषिक शब्दांची यादी केली, त्यांच्या एकेका ओळीच्या व्याख्या पाठ केल्या, आणि तरीही एखादे अनोळखी छायाचित्र समोर ठेवले की त्यावर चार वाक्येही सुचत नाहीत. शिवाय प्रचंड शिळांच्या रचनांना दिलेली ‘डॉल्मेन’ आणि ‘क्रोमलेक’ ही नावे एकाच गोष्टीची की वेगवेगळ्या, याची दोन पुस्तकांत दोन उत्तरे सापडल्याने आपण गोंधळला आहात. यादीत आणखी कोणते शब्द घालावेत, असे आपण विचारले आहे.

हा विषय मी बरीच वर्षे शिकवते आहे, आणि माझे मत असे की यादीत एकही शब्द नव्याने घालू नये. आपली अडचण शब्दसंख्येची नाही. सगळे शब्द एकाच रांगेत उभे केल्याची आहे. ‘उठावशिल्प’, ‘नवाश्मयुग’ आणि ‘वीनस’ हे तीन शब्द यादीत एकाखाली एक आले तरी त्यांचे काम एकसारखे नाही. पहिला शब्द वस्तूकडे नीट पाहून ठरवता येतो, दुसऱ्यासाठी उत्खननाचा आणि कालमापनाचा आधार लागतो, आणि तिसरा हे एका काळच्या अभ्यासकांचे मत आहे, जे पुढे नाव म्हणून रूढ झाले. कोणता शब्द कशाच्या बळावर उभा आहे, हे कळले की छायाचित्रासमोर कोठून सुरुवात करायची तेही कळते.

आपली परीक्षा कशी आहे यावर काही गोष्टी अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. नेमून दिलेल्या कलाकृतींवरच प्रश्न येत असतील, तर नाव, स्थळ, काळ आणि माध्यम पाठ करण्याला पर्याय नाही. अनोळखी चित्राचे वर्णन अपेक्षित असेल, तर पुढचे विवेचन अधिक उपयोगी पडेल. मराठीतून उत्तरे लिहिणार असाल, तर आपल्या पाठ्यपुस्तकातील प्रतिशब्द शेवटपर्यंत तेच ठेवा. उदाहरणार्थ, प्रचंड शिळांच्या रचनांसाठी (इंग्रजीत ‘मेगालिथ’) ‘महापाषाण’, ‘महाश्म’ आणि ‘बृहदश्म’ हे तिन्ही शब्द छापील पुस्तकांत आढळतात, आणि एकाच उत्तरात तिन्ही आले तर परीक्षकाला आपण तीन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहात असे वाटू शकते.

सुरुवात हाताच्या कामापासून करावी. खडकावर काहीतरी दिसते आहे; ते रंग लावून केले आहे, की खडक कोरून, खरवडून, ठोकून काढून केले आहे? पहिल्याला पिक्टोग्राफ म्हणतात आणि दुसऱ्याला पेट्रोग्लिफ. एकात पृष्ठभागावर काही घातले जाते, दुसऱ्यात पृष्ठभागातून काही काढले जाते. मराठीत ‘शैलचित्र’ हा शब्द दोन्हींसाठी सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याच्या आधी ‘रंगवलेले’ किंवा ‘कोरलेले’ असे विशेषण लावण्याची सवय करावी. ‘कातळशिल्प’ या रूढ शब्दाबाबतही तीच सावधगिरी हवी. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवरील ती कामे बहुतांशी आडव्या कातळात खोदलेल्या रेषांची आहेत, त्यामुळे नाव शिल्पाचे असले तरी तंत्राच्या दृष्टीने ती पेट्रोग्लिफच्या जवळची ठरतात. शब्द बदलण्याची गरज नाही, मात्र तंत्र स्वतंत्रपणे लिहावे.

ही जोडी एकमेकींना वगळणारी नाही. फ्रान्समधील शोवे गुहा १९९४ साली उजेडात आली. तिथल्या काही भागांत चित्रकारांनी आधी भिंत खरवडून पांढरी केली, मग कोळशाने प्राणी रेखाटले, कोळसा पसरवून छटा दिल्या आणि कुठे कुठे बाह्यरेषा कोरून अधिक ठळक केली. अशा ठिकाणी ‘हे पिक्टोग्राफ आहे’ असे लिहून थांबणारा विद्यार्थी चुकत नाही, पण निम्मे सोडून देतो. हातांच्या ठशांबाबतही असेच आहे. रंगात बुडवलेला तळवा भिंतीवर दाबला तर तो ठसा होतो. तळवा भिंतीवर ठेवून भोवती रंग फुंकला, तर हात काढल्यावर मोकळी राहिलेली जागा हाताच्या आकाराची दिसते, आणि तिला स्टेन्सिल किंवा नकारात्मक हस्तमुद्रा म्हणतात. फ्रान्समधीलच पेश मेर्ल गुहेत ठिपक्यांच्या घोड्यांभोवती अशा हस्तमुद्रा आहेत. मिशेल लोर्ब्लांशे या अभ्यासकाने रंग तोंडात घेऊन भिंतीवर फुंकरीने उडवत त्या घोड्यांची प्रतिकृती करून पाहिली होती. छायाचित्रात हाताच्या कडेबाहेर रंगाचा विरळ होत गेलेला धूसर पट्टा दिसला, तर रंग फुंकला किंवा उडवला आहे, असे आपण खात्रीने लिहू शकता.

शिल्पाकडे वळल्यावर पहिला प्रश्न असा: आकृती मागच्या पृष्ठभागाला चिकटलेली आहे की चहूबाजूंनी मोकळी आहे? चिकटलेली असेल तर ते उठावशिल्प, मोकळी असेल तर पूर्ण शिल्प. दुसरा प्रश्न: ती कोरून काढली आहे की घडवून लावली आहे? जर्मनीतील होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत सापडलेली, सुमारे ३१ सेंटिमीटर उंचीची, सिंहाचे डोके आणि माणसाचे शरीर असलेली मूर्ती मॅमथच्या सुळ्यातून कोरलेले पूर्ण शिल्प आहे. फ्रान्समधील त्यूक दोदुबेर गुहेतील दोन बायसन मात्र ओल्या मातीतून घडवून खडकाला टेकवलेले आहेत. आता स्पेनमधील अल्तामिराच्या छतावरचे बायसन पाहा. छताला नैसर्गिक फुगवटे आहेत आणि चित्रकाराने नेमके त्या फुगवट्यांवर प्राण्यांची शरीरे बसवली आहेत, त्यामुळे छायाचित्रात ते उठावशिल्पासारखे दिसतात. दरवर्षी निम्मा वर्ग इथे फसतो. तो उठाव माणसाने घडवलेला नसून खडकाचा स्वतःचा आहे. म्हणून ही चित्रेच, मात्र पृष्ठभागाच्या आकाराचा जाणून केलेला उपयोग हा त्यांचा विशेष, असे लिहिणे योग्य.

ठिकाणावरून पडणारा भेद इंग्रजी पुस्तकांत ‘पॅरायटल’ आणि ‘मोबिलियरी’ या शब्दांनी सांगतात. मी वर्गात त्यांना स्थावर कला आणि जंगम कला म्हणते. जमीनजुमल्याच्या कागदपत्रांतले शब्द असल्याने ते विसरले जात नाहीत. भिंतीवरची, छतावरची, शिळेवरची ती स्थावर. हातात घेऊन जाता येईल ती जंगम. वस्तू संग्रहालयात आहे म्हणून ती जंगम ठरत नाही. फ्रान्समधील लॉसेल येथील शिंग हाती धरलेल्या स्त्रीचे उठावशिल्प आज बोर्दोच्या संग्रहालयात आहे, पण ते मुळात एका मोठ्या शिलाखंडावर कोरलेले होते आणि नंतर तोडून काढले गेले.

चित्राच्या रचनेविषयी फार थोडे शब्द लागतात, पण ते नेमके हवेत. फ्रान्समधील लास्को गुहेतील मोठे बैल पाहताना शरीर पूर्ण बाजूने दिसते, शिंगे मात्र बरीचशी समोरून पाहिल्यासारखी, दोन्ही स्पष्ट दिसतील अशी काढली आहेत. यालाच संमिश्र दर्शन किंवा मुरडलेले यथादर्शन (‘ट्विस्टेड पर्स्पेक्टिव्ह’) म्हणतात. ‘चित्रकाराला यथादर्शन जमत नव्हते’ असे लिहू नये. प्रत्येक अवयव ज्या बाजूने सर्वांत ओळखू येतो त्या बाजूने तो दाखवला आहे, असे लिहावे, कारण एवढेच आपल्याला दिसते. त्याच भिंतीवर प्राण्यांच्या पायांखाली जमिनीची रेषा नाही, सर्वांचे प्रमाण एक नाही, आणि काही आकृती एकमेकींवर काढलेल्या आहेत. शेवटच्या गोष्टीला अध्यारोपण म्हणतात, आणि हा शब्द केवळ वर्णनाचा नाही. वरचे चित्र खालच्या चित्रानंतरचे, एवढा क्रम त्यातून निश्चित होतो. भीमबेटकाच्या शैलाश्रयांमध्ये एकाच भिंतीवर वेगवेगळ्या काळांतली चित्रे अशीच एकावर एक आहेत. दोन थरांमध्ये दहा दिवसांचे अंतर आहे की दोन हजार वर्षांचे, हे मात्र अध्यारोपण सांगू शकत नाही.

इथून काळाचे शब्द सुरू होतात, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक गुण इथेच जातात. पाषाण, ब्राँझ आणि लोह ही त्रियुग-पद्धती डेन्मार्कच्या ख्रिस्तियन थॉमसन यांनी संग्रहालयातील वस्तूंची मांडणी करताना रूढ केली आणि १८३६ साली ती छापून प्रसिद्ध झाली. पाषाणयुगाचे पुराश्म आणि नवाश्म असे भाग जॉन लबक यांनी १८६५ साली पाडले. म्हणजे ही युगे मुळात हत्यारांच्या वर्गीकरणातून आली आहेत, चित्रशैलीतून नव्हे. दुसरे म्हणजे ती जगभर एकाच वेळी सुरू झाली किंवा संपली नाहीत, त्यामुळे ‘नवाश्मयुग’ लिहिताना प्रदेशाचे नाव जोडल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. आपल्या यादीत नवाश्मयुगाची व्याख्या ‘शेती, पशुपालन, मडकी आणि घासलेली हत्यारे’ अशी असावी, असा माझा अंदाज आहे. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे येथे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे, साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे कोरीव खांब इ.स.पू. सुमारे ९५०० पासून उभारले गेले; तिथे मडकी नाहीत, आणि सापडलेली हाडे वन्य प्राण्यांची आहेत. तरीही त्या स्थळाचा काळ ‘मृद्भांडपूर्व नवाश्मयुग’ या नावाने ओळखला जातो. व्याख्येतल्या चारही गोष्टी सगळीकडे एकदम आल्या नाहीत, हे एका वाक्यात लिहिले तर उत्तराची पातळी बदलते.

तारखांच्या लेखनाबाबत माझी स्वतःची एक चूक सांगते. शिकवायला लागले त्या वर्षी लास्कोच्या चित्राखाली मी ‘इ.स.पू. १७,०००’ असे लिहिले होते. पुस्तकात ‘सुमारे १७,००० वर्षांपूर्वी’ असे होते. एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, की मग ही चित्रे १९,००० वर्षांची झाली ना? तिचे बरोबर होते. ‘वर्षांपूर्वी’ आणि ‘इ.स.पू.’ यांत सुमारे दोन हजार वर्षांचा फरक पडतो. शास्त्रीय लेखनात ‘बी.पी.’ (‘बिफोर प्रेझेंट’, म्हणजे आजपूर्वी) असे दिसले, तर तिथे ‘आज’ म्हणजे १९५० हे ठरवून घेतलेले वर्ष असते. एका उत्तरात एकच पद्धत ठेवावी. मी स्वतः पुराश्मयुगासाठी ‘वर्षांपूर्वी’ आणि नवाश्मयुगापासून पुढे ‘इ.स.पू.’ वापरते, आणि तसे पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

‘किमान वय’ हा शब्दही यादीत ठळक करून ठेवा. कार्बन-१४ पद्धतीला सेंद्रिय पदार्थ लागतो आणि तिचा आवाका सुमारे ५०,००० वर्षांचा आहे. शोवेतील कोळशाच्या रेषांचे वय थेट मोजता आले, कारण कोळसा म्हणजे जळलेले लाकूड. गेरू आणि मँगॅनीजचा काळा रंग ही खनिजे आहेत, त्यांना ती पद्धत लागू होत नाही. लास्कोतील काळा रंग बहुतांशी मँगॅनीजचाच आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर संशोधकांनी चित्रावर साचलेल्या कॅल्साइट या चुनखडी खनिजाच्या पापुद्र्याचे वय युरेनियम-श्रेणी पद्धतीने मोजले, आणि २०१४ साली एका हस्तमुद्रेसाठी ३९,९०० वर्षे हा आकडा जाहीर झाला. ते पापुद्र्याचे वय आहे. हस्तमुद्रा त्याच्या आधीची, म्हणजे किमान तेवढी जुनी. ‘३९,९०० वर्षांपूर्वी काढली’ आणि ‘किमान ३९,९०० वर्षे जुनी’ ही दोन वाक्ये एकच गोष्ट सांगत नाहीत.

वास्तुकलेच्या शब्दांमध्ये नावांपेक्षा भार कसा पेलला आहे याकडे लक्ष द्यावे. दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा दगड, ही स्तंभ-तुळई पद्धती. तीन दगडांचा असा स्वतंत्र संच म्हणजे ट्रायलिथॉन. इंग्लंडमधील स्टोनहेंज या पाषाणस्मारकाच्या मधल्या भागात असे पाच ट्रायलिथॉन घोड्याच्या नालेच्या आकारात उभारले होते. इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. ज्या उभ्या दगडांवरचा आडवा दगड पडला आहे, त्यांच्या माथ्यावर एक बुटका गोल उंचवटा दिसतो. तो टेनन, आडव्या दगडाच्या खालच्या अंगाला त्याच्याच मापाचा खळगा असतो, तो मॉर्टिस. बाहेरच्या वर्तुळातले आडवे दगड शिवाय एकमेकांत जीभ आणि खाच अशा सांध्याने अडकवलेले आहेत. हे सगळे सांधे मुळात सुतारकामाचे आहेत. दगडावर दगड नुसता ठेवला असता तरी त्याच्या वजनाने तो स्थिर राहिला असता; तरीही लाकडात करायचे ते काम त्यांनी सार्सन या कठीण वाळूखडकात केले. उंचवट्यापासून सुतारकामापर्यंतचा हा धागा उत्तरात आला, की पाहणाऱ्याने खरोखर पाहिले आहे हे कळते.

कॉर्बेल पद्धतीत सगळी रुंदी एकाच आडव्या दगडाने झाकत नाहीत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेतात आणि अखेरीस वरची उरलेली फट एका शिळेने झाकतात. आयर्लंडमधील न्यूग्रेंज या इ.स.पू. ३२०० च्या सुमाराच्या मार्ग-कबरीत १९ मीटर लांबीच्या अरुंद मार्गाच्या टोकाशी सुमारे सहा मीटर उंचीचे असे छत आहे आणि ते अजून पाणी आत येऊ देत नाही. बाहेरून दिसतो तो केवळ दगडमातीचा ढीग, म्हणजे ट्युम्युलस. म्हणून बाहेरच्या छायाचित्रावरून ‘कॉर्बेल छत’ लिहू नये, आतले दिसत असेल तरच लिहावे. कमान आणि कॉर्बेल यांची गल्लत टाळायची असेल, तर सांध्यांच्या रेषा पाहाव्यात: कॉर्बेलमध्ये थर साधारण आडवेच राहतात, खऱ्या कमानीत दगड पाचरीच्या आकाराचे असून सांधे केंद्राकडे वळतात.

‘हेंज’ या शब्दाची गंमत मी दरवर्षी सांगते. हा पारिभाषिक शब्द १९३२ साली टी. डी. केंड्रिक यांनी स्टोनहेंजच्या नावावरूनच तयार केला, आणि पुढे त्याची व्याख्या ‘मातीचा वर्तुळाकार बांध आणि त्याच्या आतल्या बाजूने खंदक’ अशी पक्की झाली. स्टोनहेंजचा मुख्य बांध खंदकाच्या आत आहे. त्यामुळे ज्याच्यावरून शब्द आला, तेच स्मारक व्याख्येत नीट बसत नाही. हेंज म्हणजे दगडांचे वर्तुळ नव्हे, एवढे यातून लक्षात राहिले तरी पुरे.

आता तिसऱ्या प्रकारचे शब्द, ज्यांत मत लपलेले असते. स्टोनहेंजमधील एका आडव्या पडलेल्या दगडाला ‘बळीचा दगड’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण त्याच्या खळग्यांत साचलेले पावसाचे पाणी तांबूस दिसते; तो तांबूसपणा दगडातील लोहामुळे आलेला आहे, पण नाव टिकले. तुर्कस्तानातील चातालहोयुक येथे जेम्स मेलार्ट यांनी १९६० च्या दशकात बैलांची शिंगे आणि भित्तिचित्रे असलेल्या खोल्यांना ‘देवघर’ म्हटले. १९९३ पासून इयन हॉडर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात त्याच खोल्यांमध्ये रोजच्या राहणीच्या खुणा मिळाल्या, आणि घर व देवघर ही विभागणी टिकली नाही. नाव रूढ असेल तर ते वापरावे, पण ‘या नावाने ओळखली जाणारी’ असे शब्द जोडावेत आणि नावातून निष्कर्ष काढू नये.

हे सारे एका वस्तूवर लावून दाखवते. ऑस्ट्रियात १९०८ साली सापडलेली विलेनडॉर्फची मूर्ती घेऊ. विद्यार्थी बहुधा लिहितात: ‘ही प्रजननदेवता असून तिची पूजा होत असे.’ या वाक्यात डोळ्यांनी पडताळता येईल असे काहीच नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘सुमारे ११ सेंटिमीटर उंचीचे, चुनखडकातून कोरलेले जंगम पूर्ण शिल्प, पृष्ठभागावर गेरूचे अवशेष. चेहऱ्याचे अवयव दाखवलेले नाहीत, डोक्याभोवती आडव्या ओळींत खाचा आहेत, त्या केसांच्या किंवा विणलेल्या टोपीच्या असाव्यात. स्तन, पोट आणि मांड्या मोठ्या, हात बारीक आणि स्तनांवर टेकलेले. पावले नसल्याने मूर्ती आधाराशिवाय उभी राहत नाही. पुराश्मयुगातील अशा स्त्री-मूर्तिकांना रूढीने वीनस म्हणतात, मात्र हे नाव हजारो वर्षांनंतरच्या रोमन देवतेचे आहे. मूर्ती आधाराशिवाय उभी राहत नसल्याने ती हातात धरण्यासाठी असण्याची शक्यता मांडली जाते.’ यात आपल्या साठ शब्दांपैकी जेमतेम सात-आठ आले, आणि उत्तर झाले. क्रमही लक्षात घ्या: आधी तंत्र आणि माध्यम, मग रूप, मग काळ, आणि अर्थ सर्वांत शेवटी, तोही ‘शक्यता’ या शब्दासह.

राहिला डॉल्मेन आणि क्रोमलेकचा प्रश्न. आपल्या दोन्ही पुस्तकांनी चूक केलेली नाही. डॉल्मेन म्हणजे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेली मेजासारखी रचना, जी बहुधा कबरीचा गाभा असते. ब्रेटन भाषेतील ‘मेज’ आणि ‘दगड’ या शब्दांशी त्याचे नाते जोडले जाते. क्रोमलेक हा वेल्श शब्द जुन्या ब्रिटिश लेखनात याच रचनेसाठी वापरला जात असे, तर फ्रेंच परंपरेत तो उभ्या दगडांच्या वर्तुळासाठी रूढ झाला. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना क्रोमलेक ओळखायला शिकवते, लिहायला नाही. वर्तुळ दिसले तर ‘पाषाणवर्तुळ’ लिहा, मेजासारखी रचना दिसली तर ‘डॉल्मेन’ लिहा, आणि एकटाच उभा दगड असेल तर ‘मेनहीर’. प्रश्नपत्रिकेतच ‘क्रोमलेक’ आले, तर उत्तराच्या पहिल्या वाक्यात आपण तो कोणत्या अर्थाने घेत आहात ते सांगून पुढे जा.